डिकी बघून घेतलेली गाडी

आमच्या घरात गाडी आली ती हौसेपोटी नाही, एका खुर्चीपायी आली. ही खुर्ची चाकांची. दोन वर्षांपूर्वी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं तुटक झालं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत तीस वर्षं लेथवर उभं राहून काम केलेला टर्नर एका सकाळी खुर्चीला खिळला.

डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी सांगितली, तीही ठाण्याला. डोंबिवली ते ठाणे लोकलनं जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. पण त्या गर्दीत धडधाकट माणसाला पाय टेकायला जागा नसते, तिथं खुर्ची कुठं न्यायची? रिक्षात अण्णांना कसंबसं बसवता येई, खुर्ची मावत नसे. भाड्याची मोटार बोलवावी, तर चालक आधी खुर्चीकडे बघे, मग स्वतःच्या डिकीकडे. डिकीत सीएनजीची टाकी आडवी झोपलेली. ‘‘साहेब, दुसरी बघा,’’ म्हणून तो निघून जाई. जुलैतल्या एका पावसाळी सकाळी अशा तीन गाड्या परत गेल्या. आम्ही लिफ्टनं पुन्हा वर आलो. अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, ‘‘राहू दे. मी... सामान... झालोय.’’

त्या रात्री सौ.नं आणि मी हिशेब मांडला. घराच्या रंगासाठी आणि अडीअडचणीला बाजूला ठेवलेले पाच लाख होते. कर्ज काढायचं नाही आणि या पैशांत खुर्ची मावेल अशी गाडी घ्यायची, एवढं ठरलं. नवी परवडणार नव्हती, म्हणजे सेकंडहँड.

तसं पाहिलं तर आम्हाला हवी होती ती जुन्या भाषेतली ‘एस्टेट’ किंवा ‘स्टेशन वॅगन’. म्हणजे मोटारीसारखी बुटकी, चढायला सोपी, पण छप्पर शेपटापर्यंत गेलेलं आणि मागं उघडणारा मोठा दरवाजा. आपल्याकडे अशा गाड्या निघाल्या, नाही असं नाही. टाटांची ‘एस्टेट’ १९९२ साली आली, पुढं मारुतीची ‘बलेनो अल्टुरा’ आणि २००४ मध्ये ‘इंडिगो मरिना’. यातली एकही फारशी रुजली नाही. आपल्या मध्यमवर्गाला गाडीची डिकी वेगळी दिसली की प्रतिष्ठा वाटते. मागं सपाट गाडी म्हटली की लोकांना रुग्णवाहिका आठवते. मोठ्या कुटुंबाचा भार १९९४ साली आलेल्या सुमोनं आणि पुढं क्वालिसनं उचलला. त्यात २००६ पासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. मग गाड्यांची शेपटं कापायची चढाओढच लागली. लांब पाठीच्या गाडीला कोण विचारणार?

गंमत अशी, की आमच्या परिसरात एकेकाळी मोटारी बनत. प्रीमियरच्या इथल्या कारखान्यातून ‘११८ एनई’ बाहेर पडे आणि नव्वदच्या दशकात प्यूजोची ‘३०९’ही इथंच तयार झाली. ते पर्व दशक संपता संपता आटोपलं. कंपनीनं गाशा गुंडाळला की मागं राहिलेल्या गाड्यांचे सुटे भाग दुर्मीळ होत जातात, हा जुना अनुभव आहे. म्हणून पहिला नियम आम्ही तिथूनच घेतला : ज्या गाडीचे भाग आमच्या मानपाडा रस्त्यावरच्या मिस्त्रीच्या फळीवर असतात, तीच गाडी बघायची. शेवरोलेनं २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. त्यांच्या जुन्या गाड्या काही वाईट नाहीत, दुरुस्तीची सोयही कंपन्यांनी ठेवली. किंमतही मोहात पाडणारी असते. पण एखाद्या भागासाठी दोन आठवडे थांबणं आम्हाला जमणारं नव्हतं.

दुसरा नियम सौ.चा. ती म्हणाली, ‘‘गाडी बघायला जाताना खुर्ची बरोबर न्यायची. कागदावरचे डिकीचे लिटर मला कळत नाहीत.’’ सोन्यासारखा सल्ला! घडी घातलेली खुर्ची फूटभरच जाड असते, पण लांबी-उंची तीन-साडेतीन फूट. लांब डिकीच्या सेडानमध्ये जागा भरपूर, पण तोंड लहान, खुर्ची दारातच अडते. लहान हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडावी लागते, मग माणसं कुठं बसणार? सीएनजीच्या गाडीत टाकीच जागा खाते. ती घ्यायचीच असेल तर किटची नोंद आर.सी.वर आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांची तपासणी झाली आहे का, हे बघायलाच हवं. अशा चाळणीतून आमच्या अंदाजपत्रकात उरली ती मुख्यतः मारुतीची पहिल्या पिढीची अर्टिगा, २०१२ साली आलेली, पेट्रोलवरची. तिसरी रांग पाडली की मागं खोलीच मोकळी होते आणि मधल्या सीटची उंची अशी, की अण्णांना खुर्चीतून फार उचलावं लागत नाही. लांबी ४२६५ मिलिमीटर, म्हणजे सोसायटीतल्या आमच्या पार्किंगच्या रेषेत जेमतेम बसणारी. हेही आधी टेपनं मोजलं. शेजाऱ्यांशी भांडण विकत घ्यायला आमच्याकडे वेगळे पैसे नव्हते.

पहिली गाडी बघितली ती कल्याणला, एका जुन्या गाड्यांच्या दुकानात. काय तिचा थाट! आरशासारखं पॉलिश, नवी सीटकव्हरं, आत अत्तराचा घमघमाट. किलोमीटर अवघे चाळीस हजार आणि भाव आमच्या खिशाला साजेसा. खुर्ची मागं अलगद मावली. मेहुणा खूष, मी तर बयाण्याचे पैसे खिशातून काढायच्या बेतात. अण्णांची खुर्ची उघड्या दाराशी लावलेली होती, त्यांना सीटची उंची बघायला आणलं होतं. ते काही केल्या आत बसेनात. डावा हात पुढं करून सीटच्या खाली दाखवत राहिले. मी वाकलो. सीटच्या पट्ट्या आणि त्यांचे बोल्ट तांबेऱ्यानं खाल्लेले होते. ‘‘पाणी,’’ अण्णा म्हणाले.

आम्ही सगळे उभे होतो, आमची नजर छपरावर आणि रंगावर. अण्णांची नजर होती सीटच्या बोल्टच्या उंचीवर, आणि तीही लोखंड ओळखणारी. मग मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग स्वच्छ आणि खालच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ. स्टेपनी उचलली, तर खड्ड्याच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ. अत्तर कशासाठी होतं ते कळलं. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘धुताना राहिलं असेल.’’ आम्ही नमस्कार करून निघालो.

आपल्या भागात ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उल्हास नदीकाठची आपली गावंही पाण्यात होती. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा प्रत्येक पुरात तळमजल्यावरच्या गाड्या बुडतात. त्यांतल्या कित्येक धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. बुडालेली गाडी लगेच बंद पडत नाही, हीच तर मेख आहे. पाणी वायरींच्या जोडांत शिरतं, तांबं हळूहळू हिरवं पडतं आणि सहा-आठ महिन्यांनी आज काच उतरत नाही, उद्या दिवा लागत नाही, परवा भर रस्त्यात इंजिनच गप्प. मागं अर्धांगाचा रुग्ण बसलेला असताना शिळफाट्यावर असं झालं असतं तर? आजही विचार आला की पोटात गोळा येतो.

त्यानंतर आमची शाळाच सुरू झाली. अण्णा मुख्याध्यापक. दोन महिन्यांत ठाण्यापासून कल्याणपर्यंत सात गाड्या बघितल्या. प्रत्येक ठिकाणी सकाळी लवकर जायचं आणि आधी बॉनेटवर हात ठेवायचा. बॉनेट गरम असेल तर मालकानं आपण येण्याआधीच इंजिन चालू करून ठेवलंय असं समजायचं. इंजिनाचं खरं दुखणं थंडगार असताना सुरू करतानाच ऐकू येतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही हटत नसेल तर कूलंटचा संशय घ्यावा. दारांचे रबर ओढून आतले वेल्डिंगचे गोल ठिपके बघायचे. कारखान्यातले ठिपके एका मापाचे, एका ओळीत असतात. गॅरेजमधले तसे जमत नाहीत. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात : ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे टायर तिसऱ्यांदा बदललेले दिसले, तर आकड्यावर विश्वास कशाला ठेवायचा? क्लच-ब्रेकच्या पायरीचं झिजलेलं रबर आणि स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड काट्यापेक्षा खरं बोलते.

आणखी एक, आपल्याकडचं खास. ‘ठाण्यातली गाडी आहे, फारशी चाललेली नाही’ असं कोणी सांगितलं की हुरळून जाऊ नये. घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शिळ रस्त्यावर दहा किलोमीटरला तासभर लागतो. त्या तासात इंजिन चालूच असतं आणि डावा पाय क्लचवरच. किलोमीटर कमी दिसतात, पण क्लचप्लेट घाटात नांगरल्यासारखी झिजलेली असते. म्हणून एखादा चढ शोधून चढावरच गाडी थांबवायची आणि पुन्हा उठवायची. इंजिन गुरगुरतंय आणि गाडी हलत नाही, असं दिसलं की क्लचचा खर्च किमतीतून वजा करायचा. आणि आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला चहापाण्यासह त्याची मजुरी देऊन बरोबर न्यायचं. विकणाऱ्याचा मिस्त्री हा मुलाकडच्यांनी आणलेला ज्योतिषी!

कागदांचं तर विचारूच नका. परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला की कितवा मालक, बँकेचा बोजा आहे का, विमा कधी संपतो, हे कळतं. न भरलेले दंडही ऑनलाइन दिसतात. बँकेचा बोजा असेल तर नमुना ३५ आणि बँकेचं पत्र हवं. नाव बदलायला २९ आणि ३० हे नमुने लागतात. ‘सह्या करून ठेवू, सावकाश बदलू’ हे उत्तर दोघांच्याही हिताचं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केलं, की गाडी पुढं कितीही जणांना विकली गेली असो, नोंदवहीत ज्याचं नाव आहे तोच कायद्यानं मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायचा अर्ज द्यावा. जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो. आणि खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. तेव्हा गाडीच्या वयातून आपल्या हाती किती वर्षं उरतात ते मोजूनच भाव करावा.

आठवी गाडी ठाण्याला नौपाड्यात मिळाली. २०१४ सालची, मालक एकच, निवृत्त शिक्षक. मोतीबिंदूनंतर रात्री गाडी चालवायची भीती वाटते म्हणून विकायची. गाडी धुतलेलीसुद्धा नव्हती. सरांनी आधी चहा दिला आणि मग स्वतःच दोष सांगायला बसले, ‘‘एसी कमी गार करतो. मागचं डावं दार आमच्याच सोसायटीच्या खांबाला घासलंय, ते बघून घ्या. पुढचे दोन टायर यंदा बदलावे लागतील.’’ मग एक दोनशेपानी वही पुढं केली. पहिल्या दिवसापासूनचं पेट्रोल, ऑइल, पंक्चर, सारं तारीखवार. काटा चौऱ्याहत्तर हजार दाखवत होता आणि वहीची बेरीजही तेच सांगत होती. अण्णांनी पानं उलटली, सीटखाली नजर टाकली, थंड इंजिन सुरू झाल्यावर डोळे मिटून मिनिटभर ऐकलं आणि डावा अंगठा वर केला.

चार लाख चाळीस हजाराला सौदा ठरला. उरलेल्या साठ हजारांत नाव बदलणं, विमा, दोन टायर, एसीची दुरुस्ती आणि सगळी ऑइलं बदलणं झालं. वर थोडे उरलेही. अंदाजपत्रकातला दहावा हिस्सा गाडीच्या किमतीत घालायचाच नाही, हा आमचा तिसरा नियम, आणि तो सर्वांत उपयोगी पडला. जुनी गाडी घेताना आपण पत्रा आणि इंजिन कमी, आधीच्या मालकाच्या सवयीच जास्त विकत घेतो. चाळीस हजार किलोमीटरची चकचकीत गाडी सोडून चौऱ्याहत्तर हजारांची खरचटलेली घेतली, याचं नातेवाइकांना अजून नवल वाटतं.

निघताना सरांनी वहीही दिली. म्हणाले, ‘‘अर्धी कोरी आहे, वाया जायला नको.’’

ती आता अण्णांकडे असते. फिजिओथेरपीच्या बाईंनी डाव्या हातानं लिहायचा सराव सांगितला होता. पाटीवर गिरवायला अण्णा तयार नव्हते. वहीत मात्र ते लिहितात. ठाण्याहून परतताना पंपावर थांबलो की मागून विचारतात, ‘‘किती?’’ मी काटा वाचतो, ते वेडेवाकडे आकडे काढतात. मागच्या आठवड्यात फिजिओथेरपी नव्हती, तरी तलावपाळीवर जाऊन आलो. त्या दिवशीच्या नोंदीत किलोमीटरपुढं त्यांनी कारणही लिहिलंय. अक्षर लागायला मला थोडा वेळ लागला : ‘फिरायला.’