हात बरोबर, ड्राइव्ह भलताच

साफसफाईच्या टेपबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, ते आज लांबणीवर. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागातून प्रश्न आलाय आणि तो बाजूला ठेवावासा वाटेना. हंगाम ऐन भरात. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक. त्यामुळे वजनांचा आणि बिलांचा बॅकअप चुकवून चालत नाही. त्यांच्या चेंजरमध्ये, म्हणजे टेपा आपोआप बदलणाऱ्या यंत्रात, दोन एलटीओ-६ ड्राइव्ह आहेत. रोबोचा हात खणातून टेप उचलतो, ड्राइव्हमध्ये नीट सरकवतो, आवाजही नेहमीचाच. तरी बॅकअप घेणारं ‘बॅक्युला’ म्हणतं, टेप नाही. हात बिघडला का?

नाही. खरी मेख त्यांनी जाता जाता लिहिलेल्या वाक्यात आहे: लाईट गेली, यूपीएसही बसला, तेव्हापासून हे सुरू झालं.

चेंजर आणि ड्राइव्ह ही सर्व्हरच्या लेखी वेगवेगळी उपकरणं. चेंजर आपले ड्राइव्ह जागेनुसार मोजतो आणि चेंजर चालवणारी एमटीएक्स ही आज्ञा ते शून्यापासून दाखवते. (खण मात्र एकपासून! ही अक्कल कोणाची, देव जाणे.) लिनक्स ड्राइव्हना नावं देतं ती सापडतील त्या क्रमाने, एनएसटी० आणि एनएसटी१. लाईट आल्यावर दुसरा ड्राइव्ह आधी सापडला, की नावांची अदलाबदल. मग ट्रॅक्टर एक नंबरच्या काट्यावर उभा आणि कारकून वजन वाचतोय दोन नंबरच्या काट्याचं.

खात्री करणं सोपं आहे. बॅक्युला थांबवा, दोन्ही ड्राइव्ह रिकामे आहेत ना ते बघा. एमटीएक्सने पाचव्या खणातली टेप ड्राइव्ह शून्यमध्ये घाला. टेप आत गुंडाळली जाईपर्यंत दम धरा. घाई केली तर भरलेला ड्राइव्हही रिकामा दिसतो. मग ड्राइव्हसाठीच्या एमटी या आज्ञेने दोन्ही नावांची स्थिती विचारा. एनएसटी० ‘डीआर ओपन’ आणि एनएसटी१ ‘ऑनलाइन’ म्हणालं, की चोर सापडला.

बॅक्युलाच्या सेटिंगमधले आकडे उलटेपालटे करून आजची रात्र निभावेल, पण पुन्हा लाईट गेली की पुन्हा तेच. एनएसटी० हे नावच काढून टाका. ‘डेव्ह’मधल्या ‘टेप’ फोल्डरात ‘बाय-आयडी’ आहे. तिथली नावं ड्राइव्हच्या सीरियल नंबरावरून बनतात आणि क्रम बदलला तरी हलत नाहीत. शेवटी ‘एनएसटी’ असलेलंच नाव घ्या. नुसत्या ‘एसटी’वर काम संपलं की टेप मागे गुंडाळली जाते आणि पुढचा बॅकअप आधीच्यावर बसतो.

बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत याच दुखण्यापायी रोबोची मोटर मागवण्यापर्यंत मजल गेली होती. अशा अदलाबदलीत निदान बॅक्युला तरी टेपवर लिहिण्याआधी तिचं लेबल तपासतं. थेट ‘टार’ने लिहिणाऱ्यांना ते संरक्षणही नाही, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये जी टेप असेल तिच्यावर ते लिहून मोकळे होतात.

साफसफाईची टेप पुढच्या आठवड्यात. तोवर दोन ड्राइव्हवाल्यांनी चेंजरच्या पॅनेलवर कोणत्या ड्राइव्हचा सीरियल नंबर काय, ते पाहून कागदावर लिहावं आणि तो कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवावा.