पुसली तरी परत येते ती बुरशी!

मैत्रिणींनो, भाचीच्या मंगळागौरीला नेसायला म्हणून लग्नातला शालू काढला, तर घडीवर बुरशीचे ठिपके! डोळ्यांत पाणीच आलं. दर पावसाळ्यात कपाट पुसत होते, डांबरगोळ्या टाकत होते. तरी आमच्या रत्नागिरीच्या हवेत ही बया पुन्हा हजर!

माझं चुकत होतं. डांबरगोळ्यांनी कसर जाते, बुरशी नाही. तिला लागतो ओलावा, आणि तो आपणच पुरवतो. खोलीत वाळत घातलेले कपडे, घरभर कोंडलेली भाताची वाफ, ओल्या भिंतीला चिकटलेलं कपाट!

आता कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय. कपडे पूर्ण वाळल्याशिवाय आणि दाटीवाटीनं ठेवत नाही. उघडीप मिळाली की कपाटाची दारं, खिडक्या सताड उघडते.

भिंतीवरची बुरशी कोरडी झटकू नका; ती हवेत उडते, दमेकऱ्यांना बाधते. साबणाच्या पाण्यानं पुसा, लगेच कोरडं करा. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड मात्र कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. भिंत झिरपत असेल तर आधी गळती काढा, मग रंग.

शालूवरचे दोन डाग राहिलेच. तुमचा शालू आजच उघडून बघा!