झुरका ओठांत, झटका शेजघरात

जबलपूरच्या दोन गोष्टी देशभर गाजल्या आणि दोन्हींचा धागा शेजघरापर्यंत जातो. पहिली विडी. १९०२ पासूनची मोहनलाल हरगोविंददास ही पेढी आणि तिची ‘शेर छाप’ विडी इथलीच. दुसरी गोष्ट आचार्य रजनीश. पुढे ओशो झालेले हे गृहस्थ १९६६ पर्यंत इथे तत्त्वज्ञान शिकवत होते. १९६८ साली मुंबईत संभोग आणि समाधी यांची सांगड घालून ते बोलले आणि एकच खळबळ उडाली. समाधीचं ज्याचं त्यानं बघावं. धूर त्याआधीच्या पायरीवरच कसा आडवा येतो, एवढंच इथे पाहू.

बारीक नळी आधी तुंबते

हृदयाच्या धमन्या साधारण ३ ते ४ मिलिमीटर रुंद असतात, लिंगातल्या जेमतेम १ ते २. धुरानं रक्तवाहिन्यांचं अस्तर अंगभर खराब होतं, पण तक्रार आधी करते ती बारीक वाहिनी. म्हणूनच ताठरतेची अडचण हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी डोकं वर काढू शकते. चाळिशीतल्या गड्याला असा अनुभव येऊ लागला, तर त्यानं ‘ताकदीची’ पुडी शोधण्याआधी रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावं. रुळांलगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ रंगवून घेणारे हकीम हे सांगणार नाहीत, कारण त्यात त्यांचा धंदा बुडतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये मध्यमवयीन पुरुषांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला. सुरुवातीला सिगारेट न ओढणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांना पुढे मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा त्रास झाला, ओढणाऱ्यांपैकी २४ टक्क्यांना. धूम्रपान हे ताठरतेच्या समस्येचं कारणच आहे, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालानं २०१४ मध्ये दिला.

नोबेल आणि निळी गोळी, एकाच वर्षी

ताठरतेचा खरा कारभारी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू. तो सुटला की रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त आत धावतं. या वायूचं काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेनं व्हायग्राला परवानगी दिली. मूळ शोध चालला होता छातीत दुखण्यावरच्या औषधाचा, हाती लागलं भलतंच! पण गोळी हा वायू तयार करत नाही, त्याचा परिणाम फक्त लांबवते. धुरानं वायूच आटला असेल तर गोळी तरी काय करणार? आणि ज्यांना हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची औषधं चालू आहेत, त्यांनी या गोळीच्या वाटेलाच जाऊ नये. रक्तदाब धाडकन कोसळून जिवावर बेततं.

‘विडी काय, पानच तर आहे!’

पान आहे खरं, तेंदूचं. त्याच्या उत्पादनात मध्य प्रदेश देशात पहिला. पानं गोळा करण्याच्या फडावर तिथे ५० पानांची गड्डी बांधतात, आपल्या महाराष्ट्रात ७० पानांची. विडीची तंबाखू येते निपाणी पट्ट्यातून आणि गुजरातेतून. पान इकडचं, तंबाखू तिकडची, धूर मात्र अखिल भारतीय.

विडीत तंबाखू सिगारेटच्या साधारण पाव हिश्शाएवढीच भरतात, म्हणून लोक तिला सौम्य समजतात. पण पानातून हवा आरपार जात नाही आणि विडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला झुरके जोरात आणि वारंवार मारावे लागतात. परिणामी निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी मिळत नाही, अनेकदा जास्तच मिळतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत १४ टक्के पुरुष विडी ओढत होते, सिगारेट ७ टक्के. तरी या विषयावरचं बहुतेक संशोधन सिगारेटवरच झालेलं आहे. विडीवाल्याच्या संसाराची चौकशी करायला कोणाला सवड नाही!

मर्दानी हार्मोनचा चकवा

धूम्रपानानं टेस्टोस्टेरॉन घटतं, असा समज आहे. अनेक अभ्यासांत ते ओढणाऱ्यांच्या रक्तात उलट किंचित जास्त आढळलं. हुरळून जाऊ नका. हुकूम सुटला तरी रक्तच पोचलं नाही, तर त्याचा उपयोग काय?

आणि ‘मी ओढत नाही, फक्त मळतो’ म्हणणाऱ्यांसाठी हे. व्यसन नसलेल्या तरुणांना एका प्रयोगात निकोटिनचं च्युइंगम दिलं, तर ताठरतेचा प्रतिसाद २३ टक्क्यांनी घसरला. तिथे धुराचा मागमूसही नव्हता.

मूल होत नाही? आधी नवऱ्याला तपासा

२० अभ्यासांचा, ५,८६५ पुरुषांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ओढणाऱ्यांच्या वीर्यात शुक्रजंतूंची संख्या आणि चपळाई, दोन्ही कमी निघाली. तरी आपल्याकडे डॉक्टरकडे पहिली फेरी असते ती सूनबाईचीच. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक प्रबोधनाचं मासिक १९२७ मध्ये सुरू केलं, त्याला शतक होत आलं, पण नवऱ्याचं वीर्य तपासायचं म्हटलं की आजही घरात सगळ्यांना अचानक कामं आठवतात. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे आज विडी सोडणाऱ्याच्या कारखान्यात तेवढ्यात नवा माल येतो.

वाकलेली सिगारेट

कॅनडानं २००० सालीच पाकिटावर राखेच्या भारानं लोंबलेली सिगारेट छापली आणि खाली नपुंसकत्वाचा इशारा. आपल्याकडे चित्रं आली २००९ मध्ये, पण भर राहिला कर्करोगावर. कर्करोग दुसऱ्याला होतो, असं प्रत्येकाला वाटतं. विडीच्या बंडलावर ते लोंबतं चित्र छापलं, तर पानटपरीवरची निम्मी गर्दी तरी विचारात पडेल, असं माझं मत.

सोडल्यानं फरक पडतो का? पडतो. निकोटिनच्या पट्ट्या वापरून सिगारेट सोडू पाहणाऱ्या ६५ पुरुषांच्या एका अभ्यासात, ज्यांना ती खरोखर सुटली त्यांचा शारीरिक प्रतिसाद न सोडणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारलेला दिसला. वय आणि जुनं नुकसान जितकं कमी, तितकी आशा जास्त. सरकारी मदतीचा क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो, १८००-११-२३५६. फोन फुकट आहे, लावून बघा.