आंब्याचा माग लागतो, कसणाऱ्याचा का नाही?

१ मे २०१४ रोजी युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केले. कारण काय? पेट्यांत फळमाशी सापडली. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवण्याचा निर्णय झाला. पण धडा कायम राहिला. माल कोणत्या बागेतला, हे सांगता आलेच पाहिजे.

तिथल्या कायद्याने २००५ पासून प्रत्येक व्यापाऱ्याला माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला याची नोंद ठेवावी लागते. मोठी दुकाने तीच नोंद बागायतदाराकडे मागतात. त्यासाठी आपल्याकडे अपेडाची 'मँगोनेट' आहे. बाग कृषी खात्याकडे नोंदवायची. फवारणीची तारीख, औषध, प्रमाण वहीत लिहायचे. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस गेले, तेही लिहायचे. क्रेट कोणत्या बागेतला, हे पॅकहाऊसपर्यंत कळले पाहिजे. यात अवघड ते काय? एक वही आणि रोजची शिस्त.

यात बागायतदाराचेही हित आहे. परप्रांतातला आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून विकला जातो, ही जुनी तक्रार आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. पण नोंदच नसेल तर अस्सल-नक्कल ठरवणार कशी?

आमचा सवाल पुढचा आहे. बाग नोंदवायला सातबारा लागतो. ज्याचे नाव सातबारावर नाही, पण जो तोंडी करारावर बाग घेतो, फवारतो, राखतो, झेल्याने आंबा उतरवतो, त्याचे काय? वही त्याने लिहायची आणि निर्यातीचा भाव दुसऱ्याने घ्यायचा?

हे दुखणे नवे नाही. याच रत्नागिरी जिल्ह्यात खोताने कुळांना पिढ्यान् पिढ्या नागवले. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. पण कसणाऱ्याचे नाव कागदावर यावे, ही लढाई संपली काय?

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. बांधवांनो, तोंडी करार सोडा. करार लेखी करा, फवारणीची वही स्वतःच्या नावाने ठेवा, गट करून नोंदणी मागा. आणि शासनाने लेखी करार नोंदणीसाठी ग्राह्य धरावा. लंडनच्या दुकानातल्या फळाची बाग सापडते, तर त्या बागेत घाम गाळणारा माणूसही कागदावर सापडला पाहिजे!