एका अमेरिकन खेड्याचे अरबी नाव

नकाशातील गावांची नावे वाचीत बसण्याचा मला जुना छंद आहे. एकदा ग्रंथालयात अमेरिकेचा नकाशा पाहताना आयोवा राज्याच्या ईशान्य भागात, टर्की नदीच्या काठी, ‘एल्केडर’ हे नाव दिसले आणि मी थबकले. मक्याच्या मुलखातले हे खेडे. २०२० च्या शिरगणतीत वस्ती अवघी बाराशेच्या आसपास. नाव मात्र चक्क अरबी!

टिमोथी डेव्हिस, जॉन थॉम्पसन आणि चेस्टर सेज या तिघांनी १८४६ साली हे गाव वसवले. आयोवाला राज्याचा दर्जा मिळाला तोही त्याच वर्षी. तेव्हा अल्जेरियात अमीर अब्दुल कादिर फ्रेंच आक्रमकांशी झुंजत होते. त्यांच्या लढ्याच्या वार्ता अमेरिकेत पोचत. त्या वाचून भारावलेल्या डेव्हिस यांनी त्यांचेच नाव गावाला दिले. अरबीत ‘अब्द’ म्हणजे सेवक आणि ‘अल-कादिर’ म्हणजे सर्वशक्तिमान ईश्वर. अमेरिकनांच्या तोंडी सेवक गळाला, ईश्वर तेवढा राहिला!

येथवर वाचून मला कौतुक वाटले. पण मग एक गोष्ट मनाला टोचू लागली. १८३२ च्या युद्धात ब्लॅक हॉक यांचा पराभव झाल्यावर सॉक आणि मेस्क्वाकी लोकांना पूर्व आयोवातील आपली भूमी सोडावी लागली होती. तिच्यावरच गोऱ्यांच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. म्हणजे दूरच्या आफ्रिकेत भूमीसाठी लढणारा वीर ठरला आणि घरच्या अंगणात तेच करणारा शत्रू! दूरच्या शौर्याचे कौतुक करायला काही मोल पडत नाही. हा दोष काही एकट्या अमेरिकनांचा नव्हे.

अमिरांनी १८४७ मध्ये शस्त्र खाली ठेवले. फ्रान्समधील बंदिवासानंतर ते पुढे दमास्कसला राहिले. १८६० च्या दंगलीत त्यांनी तेथील हजारो ख्रिस्ती लोकांचे प्राण वाचवले. १८८३ साली ते वारले. आपल्या नावाचे ते खेडे त्यांनी कधीच पाहिले नाही.

तरीही नाव वाया गेले नाही. १९८४ साली एल्केडरने अमिरांच्या जन्मभूमीतील मस्कारा शहराशी भगिनी-शहराचे नाते जोडले. २००८ मध्ये टर्की नदीला महापूर आला, तेव्हा अल्जेरियाने या गावाला दीड लाख डॉलर पाठवले. नाव देणे सोपे असते. ते नाते म्हणून निभावायला येथे दीडशे वर्षे लागली. आपल्याकडेही चौकांना, रस्त्यांना थोरांची नावे आहेत. त्यांपैकी किती नावांशी आपले नाते उरले आहे?