पिल्लाला ओरडून काय शिकवतो आपण?

फरशीवर शू केली, चप्पल कुरतडली, की कुत्र्याच्या पिल्लाला दटावायची आपल्याकडे रीत आहे. पण दोन्ही गोष्टींचं मूळ शरीरात आहे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला मूत्राशयावर पुरेसा ताबा नसतो; झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर त्याला लगेच जावं लागतं. त्या क्षणी बाहेर नेऊन, काम होताच तिथेच खाऊ दिला, तर जागा त्याच्या लक्षात राहते. चावण्याचंही तसंच. साधारण तिसऱ्या ते सातव्या महिन्यात २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे येतात, हिरड्या शिवशिवतात. तेव्हा चपला उचलून ठेवाव्यात आणि चावायला रबरी खेळणं द्यावं.

‘पण चूक त्याला कळते, मान खाली घालतं की!’ असं कुणी म्हणेल. संशोधक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा ‘अपराधी’ चेहरा चुकीशी जोडलेला आढळला नाही. मालक रागावला, की निर्दोष कुत्राही तसाच दिसे. मागाहून दिलेल्या माराने पिल्लू एवढंच शिकतं, की माणसासमोर शू करणं धोक्याचं; मग ते सोफ्यामागे जातं. कृपा करून त्याला मारू नका.