न्हाणीघराची फरशी आणि खुब्याचे हाड

दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगरंगोटी निघते. आता त्यात न्हाणीघराचीही भर पडली आहे. जुनी शहाबादी उखडायची आणि चकचकीत टाइल्स बसवायच्या. माझी त्याला हरकत नाही. मीही तेच केले होते, आणि त्याचेच आज सांगतो.

आमचे वर्ध्याचे घर वडिलांनी बांधलेले. न्हाणीत करडी, खडबडीत शहाबादी फरशी. चाळीस वर्षांत तिचे सांधे निघाले, फटींत काळे साचू लागले, पाणी तुंबू लागले. पाहुणे आले की सौ.ला संकोच वाटे. २०११ साली मी ती काढली. दुकानदाराने पांढरी, आरशासारखी टाइल दाखवली. भिंतीला तीच, खाली तीच. भिंतीची टाइल वेगळी आणि जमिनीची वेगळी, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

तिसऱ्या आठवड्यात आई साबणाच्या पाण्यावरून घसरली. वय ७४. मी धावलो तेव्हा तिचा उजवा पाय थोडा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले होते. खुब्याशी मांडीचे हाड मोडल्याची ही खूण आहे. ती म्हणत होती, "मला धरून उभी कर, लचकलं असेल." शेजारच्या काकू मालिशवाल्याला बोलवायला निघाल्या होत्या. त्यांना थांबवले.

वाचकहो, एवढे लक्षात ठेवा. म्हातारे माणूस पडले, पाय हलवता येत नसेल, तर उभे करू नका, चोळू नका, ओढू नका. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून पाय एकमेकांना सैलसर बांधा, फळीवर किंवा स्ट्रेचरवर घ्या आणि हाडांचे डॉक्टर असतील तिथे न्या. आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी येथे ही सोय आहे. शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन दिवसांत व्हावी. "या वयात कशाला चिरफाड" म्हणून खाटेवर ठेवलेला रुग्ण मोडलेल्या हाडाने जात नाही. तो न्यूमोनियाने, पाठीच्या जखमांनी किंवा पायात रक्ताची गुठळी होऊन जातो. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे भुसभुशीत होतात, म्हणून साध्या पडण्यानेही त्यांचे हाड मोडते.

आईची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली. ती पुन्हा चालली, पण वॉकर सुटला नाही.

आता फरशीविषयी. जमिनीसाठी खडबडीत, मॅट टाइलच मागा. काही खोक्यांवर 'आर' आणि पुढे आकडा असतो. आर-९ सर्वांत निसरडी, आर-१३ सर्वांत पकड देणारी. न्हाणीला आर-११ बरी. दुकानातच टाइलवर पाणी ओतून, चप्पल काढून उभे राहून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या. टाइल लहान असली की सांधे जास्त येतात आणि पायाला पकड मिळते. मिस्त्रीला जाळीकडे नीट ढाळ द्यायला सांगा. पाणी साचले की शेवाळ आलेच. नळाजवळ आणि संडासाजवळ भिंतीत पक्का दांडा बसवा. टॉवेलचा दांडा माणसाचे वजन पेलत नाही. रात्री उठणाऱ्यांसाठी बल्बचे बटण दाराबाहेर, हाताशी हवे.

बोअरच्या जड पाण्याने टाइलवर पांढरे थर चढतात. मग लोक ॲसिड ओततात. त्याने सांध्यातले सिमेंट खाल्ले जाते, हे एक. पण ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो. दार लावून घासायला बसलेल्या मोलकरणीला धाप लागलेली मी दवाखान्यात पाहिली आहे. दोन्ही एकत्र कधीच वापरू नका, एकामागून एकही नाही.

टाइल कोरडी कापली की उडणारी धूळ ही वाळूचीच बारीक पूड. ती वर्षानुवर्षे छातीत जाऊन कारागिराला सिलिकोसिस होतो, आणि त्यावर औषध नाही. आपल्या घरी काम चालू असेल तर कटरवर पाणी सोडायला सांगा. कारागिराला चांगला मास्क आपणच आणून द्यावा. फडक्याने ती धूळ अडत नाही.

आमच्या न्हाणीतली खालची पांढरी टाइल आई घरी यायच्या आधीच मी काढून घेतली. उरलेली दोन खोकी तुळशीवृंदावनाला लागली.